मत द्यायचं आणि मत मांडायचं

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला कुलूप लागलं. ‘फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ ही पट्टी तीन आठवडे झळकत होती. तिकडे लोकसभेची निवडणूक चालू होती आणि इकडे ग्रुपवर दोघांची जुंपली होती. दोघंही मंडळाचे जुने कार्यकर्ते. वीस वर्षं गणपतीचं मखर त्यांनी मिळून उभं केलेलं. कोविडमध्ये एकाच्या घरी सगळे आडवे झाले तेव्हा दुसऱ्याने दहा दिवस दाराशी डबा ठेवलेला. आणि हे सगळं एका फॉरवर्डवरून संपलं. त्या वर्षी गणपतीत एक जण आरतीला उभा राहिला की दुसऱ्याला बाहेर जाऊन फोन करायचं काम निघायचं.

यंदा दिवाळी अंकाच्या बैठकीत मी म्हटलं, “निबंध स्पर्धा घेऊ या. मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही. आणि विषय राजकीय ठेवू या.”

बैठकीत अशी शांतता पसरली की एसीचा आवाज ऐकू यायला लागला. खजिनदार म्हणाले, “ताई, ‘माझी आवडती सहल’ ठेवा ना. कशाला विकतचं दुखणं?” त्यांचं चूक नव्हतं. आपण इथे नोकरीधंद्यासाठी आलेली माणसं. ज्या देशाचं मीठ खातो त्याचे कायदे, त्याचे रिवाज पाळायचे, हे पहिल्या दिवसापासून अंगी बाणलेलं. २०२१ च्या सायबर कायद्यापासून तर खोटीनाटी बातमी पुढे ढकलतानाही लोक दोनदा विचार करतात, आणि ते बरंच आहे. पण माझा मुद्दा वेगळा होता. भांडणं राजकारण या विषयामुळे होत नाहीत, आपल्याला नीट मांडता येत नाही म्हणून होतात. शाळेत आपण ‘मी पंतप्रधान झालो तर’ लिहिलं, ‘पावसाळ्यातला एक दिवस’ लिहिला. पण माझ्याशी सहमत नसलेल्या शहाण्या माणसाला माझं म्हणणं कसं पटवायचं, हे कुणी शिकवलं नाही.

तासभर खल झाला आणि चार अटींवर विषय मंजूर झाला. एक, विषय भारताचा असेल. दोन, कुठल्याही पक्षाचं वा नेत्याचं नाव येणार नाही. तीन, प्रत्येक आकड्याचा उगम सांगता आला पाहिजे, आणि ‘ग्रुपवर आलं होतं’ हा उगम चालणार नाही. चार, विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा निबंधात आलाच पाहिजे. विषय ठरला: ‘परदेशस्थ भारतीयांना आहे तिथूनच मतदान करता यावं का?’

हा विषय राजकीय आहे, आपल्या जिव्हाळ्याचा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. असे विषय शोधू गेलं तर फार सापडत नाहीत.

आधी विषय समजून घेऊ

आलेल्या १९ निबंधांपैकी १६ ‘करता यावं’ या बाजूचे होते. नवल नाही. पण त्यातल्या अकरा निबंधांची सुरुवात ‘भारत हा जगातील सर्वांत मोठा लोकशाही देश आहे’ या वाक्याने झाली होती, आणि सात जणांना आपल्याला आजही मताचा हक्क आहे हेच ठाऊक नव्हतं! ‘आमचा हक्क हिरावून घेतला’ असं त्यांनी कळवळून लिहिलं होतं. दोष देण्यात अर्थ नाही. मलाही विषय काढेपर्यंत तपशील माहीत नव्हता. तर मंडळी, वस्तुस्थिती अशी.

२०१० साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन कलम २० अ आलं आणि २०११ पासून ते लागू झालं. भारताचं नागरिकत्व कायम असलेला, पण नोकरी, शिक्षण वगैरे कारणाने परदेशात राहणारा माणूस पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात ‘परदेशस्थ मतदार’ म्हणून नाव नोंदवू शकतो. त्यासाठी फॉर्म ६ अ भरायचा, तो ऑनलाइन भरता येतो. मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन आपल्या केंद्रावर जायचं आणि मत द्यायचं. खरी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. केंद्र आहे कोथरूडला किंवा कणकवलीला, आणि आपण आहोत करामात किंवा शारजात.

याचा परिणाम काय होतो? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत परदेशस्थ मतदार म्हणून देशभरात सुमारे १ लाख १९ हजार जणांची नोंद होती. प्रत्यक्ष मत दिलं २,९५८ जणांनी, आणि त्यातले २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रात नोंद होती ५,०९७ जणांची. मत दिलं १७ जणांनी.

सतरा! आमच्या मंडळाच्या कोजागरीला मसाला दूध घोटायला याहून जास्त हात असतात.

बदलाचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही, आणि त्यातला एक मोठा प्रयत्न आपल्या या देशातूनच झाला. अबुधाबीतले डॉक्टर आणि उद्योजक शमशीर वायलिल हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. निवडणूक आयोगाने समिती नेमून पर्याय तपासले. मग आपल्या वतीने दुसऱ्याने मत द्यावं, म्हणजे प्रॉक्सी, अशी सोय करणारं विधेयक ९ ऑगस्ट २०१८ ला लोकसभेत मंजूरही झालं. पण राज्यसभेत मंजुरी मिळण्याआधी लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं. २०२० च्या नोव्हेंबरात आयोगाने कायदा मंत्रालयाला कळवलं की सैनिकांना २०१६ पासून मिळणारी इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिकेची सोय परदेशस्थांनाही देता येईल. म्हणजे मतपत्रिका ऑनलाइन यायची, ती छापून, खूण करून टपालाने परत पाठवायची. मात्र ती सोय आपल्यापर्यंत अजून पोचलेली नाही.

आता सांगा, ‘अनिवासी भारतीयांवर घोर अन्याय झाला आहे’ हे वाक्य जास्त पटतं, की ‘पाच हजारांतल्या सतरा जणांनाच मत देता आलं’ हे? पहिलं वाक्य लिहिणाऱ्याचा राग सांगतं. दुसरं वाक्य वाचणाऱ्याला विचार करायला लावतं. राग आपला असतो, तो वाचकाने का म्हणून उसना घ्यावा? आकडा मात्र त्याला डोळ्यांआड करता येत नाही.

पुण्यातले दोन मित्र

परीक्षक म्हणून बसायचं तर स्वतःची तयारी हवी म्हणून मी आपल्या जुन्या निबंधकारांकडे वळले. राजकीय-सामाजिक विषयावर पटवून लिहिणं ही कला मराठीला नवी नाहीच. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रं लिहून आपल्याच लोकांना आपले दोष दाखवले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, ती सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेच्या बातमीवरून पेटून. एका बाईवर ठेवलेला ठपका त्यांनी उलटा धरला आणि विचारलं की हेच दोष पुरुषांत नाहीत का. सगळं पुस्तक त्या एका प्रश्नावर उभं आहे.

पण मला सगळ्यात जास्त थांबवलं ते टिळक आणि आगरकरांनी. आमच्या ग्रुपवरच्या त्या दोघांची आठवण आली म्हणून.

टिळक आणि आगरकर कॉलेजपासूनचे मित्र. शाळा मिळून चालवली, १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ मिळून काढले, ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. आणि मग सामाजिक सुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी, या प्रश्नावर दोघं फाटले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढलं.

संमतिवयाच्या विधेयकावर हा वाद टोकाला गेला. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ मध्ये झाला. शाळेच्या पुस्तकात आपण एवढंच वाचतो की टिळक विरोधात होते आणि आगरकर बाजूने. मुळात जाऊन पाहिलं तर गंमत कळते. बालविवाह चांगले आहेत असं टिळकांचं म्हणणं नव्हतं. मुलींची लग्नं सोळा वर्षांपर्यंत करू नयेत असं सुधारकांनी स्वतः ठरवून आधी स्वतःच्या घरात पाळावं, असं तर तेच सुचवत होते. त्यांचा आक्षेप होता तो परक्या सरकारने कायद्याचा बडगा घेऊन आपल्या घरात शिरण्याला. आज या दरवाजातून आत आलेलं सरकार उद्या कशाकशात हात घालेल, ही ती भीती. सुधारकांचं उत्तर असं, की समाज आपण होऊन सुधारेपर्यंत किती मुलींनी वाट पाहायची? सतीची चाल १८२९ साली कायद्यानेच बंद झाली ना?

मला आज विचाराल तर मी निःसंशय आगरकरांच्या बाजूची. पण टिळकांचं खरं म्हणणं काय होतं हे कळल्याशिवाय आगरकरांचं मोठेपण कळत नाही. समोर गाढव उभं करून त्याला हरवण्यात कसली बहादुरी? आगरकरांसमोर त्यांच्याच तोलाचा माणूस होता, आणि समाजही त्याच्या बाजूचा. पुण्यात लोकांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरी हा माणूस कारणं देत राहिला. चाळिशीही न गाठता १८९५ साली ते गेले, तेव्हा ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी.

टिळकांच्या लेखांत आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट सापडली. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या काळात जे घडलं त्यानंतर त्यांनी अग्रलेखाला मथळा दिला तो प्रश्नाचा: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ त्यांनी उत्तर दिलं असतं तर वाचक फार तर मान हलवून मोकळा झाला असता. प्रश्न विचारल्यावर उत्तर वाचकालाच द्यावं लागतं, आणि स्वतः दिलेलं उत्तर माणूस सहसा विसरत नाही. अर्थात लिहिण्याची किंमतही त्यांनी मोजली. १९०८ मध्ये ‘केसरी’तल्या लेखांसाठी सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला गेले. आपल्याकडे सध्या कुणी निबंधासाठी मंडालेला पाठवत नाही. फार तर ग्रुपमधून काढतात.

मत म्हणजे काय, हे सांगणारा तरुण

आमचा विषय मताधिकाराचा, म्हणून आणखी एका नावाकडे वळावंच लागलं. १९१९ च्या जानेवारीत मताधिकार ठरवण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातल्या एका प्राध्यापकाने साक्ष दिली. वय वर्षं २७. नाव भीमराव रामजी आंबेडकर. तेव्हा मत मिळायचं ते जमीन आणि कर पाहून. या तरुणाने हात जोडून विनंती केली नाही, आकडे मांडले. मालमत्तेची अट सरसकट लावली तर अस्पृश्य समाजातले मतदार जवळजवळ शून्यावर येतात हे दाखवलं. आणि मग मूळ प्रश्नालाच हात घातला. लोक शिकलेले नाहीत म्हणून मत देऊ नये असं तुम्ही म्हणता. पण मत देणं हेच मुळात माणसाला शिकवतं. म्हणजे विरोधकाचं कारण घेतलं आणि तेच आपल्या बाजूला बसवलं. पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला, आणि आज आपण तो जन्मसिद्ध असल्यासारखा वापरतो. किंवा वापरत नाही.

१९२० च्या ३१ जानेवारीला निघालेल्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात त्यांनी समाजाला अनेक मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली, ज्याला जिना नाही. ज्या मजल्यावर जन्मलात तिथेच मरायचं. जातिव्यवस्थेवर शेकडो पानं लिहिली गेली, पण जिना नसलेली इमारत एकदा डोळ्यांपुढे आली की जात नाही. आपल्यासारख्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांच्या तर मुळीच नाही. लिफ्ट बंद पडली की आपला जीव किती खालीवर होतो!

एका निबंधात किती उपमा असाव्यात, असं मला शनिवारच्या मराठी वर्गातल्या एका मुलाने विचारलं होतं. मी म्हटलं, एक. पण ती अशी हवी की तिच्याशिवाय मुद्दाच कळला नसता.

टाइमशीटच्या पाठीवरचा निबंध

आणि आता तो निबंध, ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री फोन आला. “ताई, मी मंडळाचा मेंबर नाही. चालंल का? आणि माझं शुद्धलेखन काही बरं नाही.” बोलणारा तरुण बीड जिल्ह्यातला, गेवराई तालुक्याचा. इथे इलेक्ट्रिशियन, सोनापूरच्या कॅम्पवर राहतो. म्हटलं, पाठवा. थोड्या वेळाने चार फोटो आले. टाइमशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या बॉलपेनने लिहिलेले.

त्याने ‘करता येऊ नये’ असं लिहिलं नव्हतं. ‘आधी आम्हाला नको’ असं लिहिलं होतं.

त्याचे आईवडील ऊसतोड कामगार. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन टोळीबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात जायचं. नवराबायको मिळून एक कोयता. फडाशेजारी कोपी बांधून चार-पाच महिने तिथेच. २०२४ साली राज्यात गाळप हंगाम सुरू झाला १५ नोव्हेंबरला आणि विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबरला. आई कारखान्याच्या हद्दीत आणि तिचं नाव गेवराईच्या यादीत. परत येऊन मत द्यायचं तर जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेले खाडे, दोन्ही अंगावर पडणार. म्हणून ती गेली नाही. टोळीतलं कुणीच गेलं नाही.

मग त्याने लिहिलं होतं की मी दुबईत मत मागतो तेव्हा मला विमानाचं अंतर आडवं येतं. माझ्या आईला एसटीचं अंतर आडवं येतं. कुणाचं अंतर आधी कमी करायचं, हे तुम्ही शिकलेल्या माणसांनी सांगा.

आणखी एक मुद्दा त्याने काढला होता, जो बाकी अठरा जणांपैकी कुणाच्याही मनात आला नव्हता. उद्या बर दुबईच्या वकिलातीत मतपेटी ठेवली तरी कॅम्पवरचा माणूस तिथे पोचणार कसा? कंपनीची बस साइटवर जाते, वकिलातीत नाही. रजा कोण देणार? म्हणजे मत पडेल ते गाडीवाल्यांचं. मग सरकारला वाटेल की आखातातल्या लोकांचं म्हणणं हेच.

मी तो निबंध दोनदा वाचला आणि मग माझाच एक कागद बाहेर काढला. मंडळातर्फे पाठवण्यासाठी मी एक निवेदन लिहून ठेवलं होतं, परदेशातून मतदानाची सोय मिळावी म्हणून. त्यात सगळं होतं. आम्ही परकीय चलन पाठवतो. या देशात ३५ लाखांहून अधिक भारतीय आहेत. माझ्या ऑफिसातली फिलिपिनो सहकारी इथूनच मत देते, कारण त्यांच्या देशाने २००३ साली तसा कायदा केला, मग आम्हाला का नाही? सगळे मुद्दे खरे होते. पण सगळ्यांची सुरुवात ‘आम्ही’पासून होती. त्या ‘आम्ही’मध्ये सोनापूर नव्हतं आणि गेवराई तर नव्हतीच.

परकीय चलनाचा मुद्दा मी त्याच रात्री खोडला. पैसे पाठवतो म्हणून मत द्या, असं म्हटलं की ज्याच्याकडे पाठवायला पैसे नाहीत त्याचं मत हलकं ठरतं. १९१९ साली मालमत्तेच्या अटीविरुद्ध झालेली सगळी लढाई मीच दोन ओळींत हरत होते, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं!

निवेदन नव्याने लिहिलं. आता त्याची पहिली मागणी अशी आहे की कामासाठी गाव सोडावं लागलेल्या प्रत्येक मतदाराला, तो राज्यात असो, परराज्यात असो की परदेशात, आहे तिथून मत देता यावं. देशांतर्गत स्थलांतरितांसाठी निवडणूक आयोगाने २०२३ च्या जानेवारीत एक दूरस्थ मतदान यंत्र राजकीय पक्षांना दाखवण्यासाठी मांडलं होतं, एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान होऊ शकेल असं. पक्षांनी शंका घेतल्या आणि गाडी तिथेच थांबली. त्या शंका रास्त आहेत की नाहीत हा वेगळ्या निबंधाचा विषय. पण आपली मागणी आणि ऊसतोडणीवाल्या बाईची मागणी ही एकच आहे, हे मला त्या चार फोटोंनी शिकवलं. दुसरी मागणी, सोय दिलीच तर ती टपाली असावी, म्हणजे कॅम्पवरच्या माणसाला बस शोधावी लागणार नाही. त्यातही कॅम्पच्या एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या माणसाचं मत गुप्त कसं राहील हा प्रश्न उरतोच. तोही मी निवेदनात लिहिला आहे. आपल्या मागणीतलं भोक आपणच दाखवलं तर ते बुजवायला समोरचाही मदत करतो. लपवलं तर तो त्यात बोट घालतो.

दुसऱ्याची बाजू

मोठ्यांच्या गटात पहिला क्रमांक कुणाचा, हे वेगळं सांगायला नको. मुलांच्या गटात दहावीतल्या एका मुलीला मिळाला. तिचा निबंध साधा होता, पण तिने आजोबांना फोन करून विचारलं होतं की, “आजोबा, मी इथे राहून तुमच्या गावाचा आमदार ठरवला तर तुम्हाला चालेल का?” आजोबा म्हणाले, “तू उन्हाळ्यात इथे टँकरच्या रांगेत उभी राहणार असशील तर चालेल.” हे उत्तर तिने निबंधात जसंच्या तसं घातलं, आणि पुढे अर्धा निबंध आजोबांना उत्तर देण्यात खर्च केला. पटवण्यासाठी एक खरा माणूस डोळ्यांपुढे हवा. ‘समाजाला’ पटवायला निघालेला लेख बहुधा कुणालाच पटत नाही.

ग्रुपवरच्या त्या दोघांनीही निबंध दिले होते. एक बाजूने, एक विरोधात, हे ओघानेच आलं. बक्षीस समारंभाच्या दिवशी आम्ही एक छोटा खेळ ठेवला. दोघांनी एकमेकांची बाजू तीन मिनिटं मांडायची, आणि ज्याची बाजू मांडली त्याने ‘हो, माझं म्हणणं हेच’ असं म्हटल्याशिवाय खाली बसायचं नाही. पहिल्या खेपेला दोघंही नापास. “मी असं म्हटलंच नव्हतं!” “मग काय म्हटलं होतं?” “नीट ऐक.” दुसऱ्या खेपेला एक जण पास झाला. दुसऱ्याला चौथी खेप लागली. हॉलमध्ये हशा पिकला होता, पण त्या चौथ्या खेपेला विरोधातले काका दोन क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, “माझं म्हणणं मला स्वतःला इतकं नीट मांडता आलं नव्हतं.”

दोघांची मतं जिथल्या तिथे आहेत. पुन्हा पूर्वीसारखे एका गाडीतून येतात असंही नाही. पण यंदा मखराचे खिळे एकाने धरले आणि हातोडी दुसऱ्याने मारली, आणि कुणाचं बोट चेचलं नाही.

लिहिणाऱ्यांसाठी चार शब्द

पुढच्या वर्षी स्पर्धा पुन्हा आहे, म्हणून परीक्षकाच्या अनुभवातून थोडं सांगते. लिहायला बसण्याआधी आपलं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं का ते पाहा. येत नसेल तर अजून विचार बाकी आहे. कारणं दोन-तीनच घ्या. दहा कारणं दिली की वाचक त्यातलं सगळ्यात कच्चं उचलतो आणि बाकी नऊ त्याच्याबरोबर बुडतात. ‘सर्वांना माहीतच आहे’ आणि ‘कोणीही नाकारू शकणार नाही’ ही वाक्यं खोडा, कारण नाकारणाराच तर तुम्हाला हवा आहे. आकडा देताना तो कशातला आणि कधीचा हे सांगा. विरुद्ध बाजू मांडाल तेव्हा ती त्या बाजूच्या माणसाला वाचून दाखवा. आणि शेवटी नेमकं काय व्हावं, कुणी करावं, हे लिहा; ‘सरकारने जागे व्हावे’ म्हटल्याने कुणी अंथरुणातून उठत नाही.

आता एक कबुली. एवढं सगळं लिहिणारी मी, गेली अठरा वर्षं इथे आहे, आणि फॉर्म ६ अ मी कधी भरलाच नव्हता. पुण्याच्या जुन्या यादीत आईबाबांच्या खाली माझं नाव तसंच असेल या भरवशावर होते. नेहमीचं राहणं परदेशात असताना तसं नाव ठेवणं नियमात बसत नाही, हेही या निमित्ताने कळलं. गेल्या आठवड्यात पासपोर्टची प्रत जोडून फॉर्म भरला. सतरा जणांच्या आकड्यावर हळहळणाऱ्या बाईचं नाव पाच हजारांतही नव्हतं, हे निवेदनावर सही करताना मला बोचत होतं.

निवेदन मंडळाच्या कचेरीत ठेवलं आहे. फराळाला याल तेव्हा वाचा. पटलं तर सही करा. नाही पटलं तर शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं आहे, का पटलं नाही ते लिहा. दुसऱ्या कागदाची मी जास्त वाट पाहते आहे.

दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!